गाळलेल्या चार ओळी

योगिताला कुठलाही कागद अर्धा वाचलेला चालत नसे. औषधाच्या डबीतली घडी घातलेली चिठ्ठी असो, शाळेची नोटीस असो की वीजबिलामागची बारीक छपाई असो, तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचावा लागे. वाचून झाला की ती म्हणे, "परत एकदा." मी कंटाळून "अगं, म्हणजे त्यांचं म्हणणं असं की..." असं सुरू केलं की हात वर करून मला थांबवायची. "मतलब नको सांगू, ताई. लिहिलंय ते वाच. मतलब मी काढते."

आमची ओळखच अशा एका कागदावरून झाली. आई आणि मी सुरतेत कोसाडच्या आवासात, म्हणजे सरकारी घरांच्या वसाहतीत, राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात ही उंच, सडसडीत बाई मिक्सरचा खोका काखेत मारून दारात उभी राहिली. आमच्यावरच्या मजल्यावर राहायची. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते, हे तिला जिन्यातच कुणीतरी सांगितलेलं. "तुम्हाला इंग्रजी येतं ना? मग हे गॅरंटीचं कार्ड वाचा." मी वाचलं. दुकानदाराने दोन वर्षं सांगितली होती, कार्डावर एक होतं. तिने कार्ड माझ्या हातून घेतलं, खोका परत काखेत मारला आणि तशीच जिना उतरून गेली. तासाभराने परत आली ती वेगळ्या कंपनीचा मिक्सर घेऊन. "आता याचं वाचा."

ती धुळ्याकडची, सातवीपर्यंत शिकलेली. मराठी झरझर वाचायची, गुजराती पाट्यांवरून लागलं होतं, इंग्रजीपाशी मात्र अडायची. माझ्याशी आम्हा भुसावळवाल्यांसारखं बोलायचा प्रयत्न करी; चिडली, हसली किंवा घाबरली की तिची अहिराणी बाहेर पडे. नवरा भटू लूम्सच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बारा तासांच्या पाळीत काम करायचा. मुलगी प्राची तेव्हा दुसरीत होती. योगिता स्वतः अमरोलीच्या एका एम्ब्रॉयडरीच्या खात्यात तपासणीच्या टेबलावर उभी राहायची. मशीनवरून उतरलेली साडी पसरायची, तुटका धागा, सुटलेला टाका शोधायचा आणि तिथे खडूची खूण करायची.

तिच्या खुणा फार असत. मास्तर वैतागून म्हणायचा, "चालशे, बेन, चालशे." चालून जाईल. त्यावर ती साडी त्याच्यापुढे धरून म्हणाली होती, "चालशे ना? मग ही तुमच्या घरी द्या नेसायला." तो दिवसभर सगळं खातं हसत होतं, असं तीच मला सांगायची, आणि सांगताना मास्तरची मान कशी वळली ते करून दाखवायची. तिच्यावर कुणी फार काळ रागावून राहत नसे. तिच्या बोलण्यात टोचणं नव्हतं. डाग दिसला तर ती डाग म्हणे, आणि तुम्हीही म्हणावं एवढीच तिची अपेक्षा असे.

तिची उजवी कूस दुखायला लागली ती एका दिवाळीच्या आसपास. सगळ्यांनी पथरी म्हणून सांगितलं. सुरतेत पथरी घरटी एकाला असतेच. तिने गॅलरीतल्या कुंडीतली पानफुटीची पानं चावली, जवाचं पाणी प्यायलं, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या. दोन-तीन महिने असेच गेले. मग एके सकाळी ती माझ्याकडे आली आणि दार लावून घेऊन म्हणाली, "लघवी लाल होतेय. कालपासून नाही, पंधरा दिवसांपासून. आता मला तुझ्या लॅबच्या सरांकडे ने."

सोनोग्राफीत पथरी नव्हती. किडनीत मोठी गाठ होती. उन्हाळ्यात ती किडनी काढली, आणि तिचा तुकडा तपासायला आमच्याच लॅबमध्ये आला.

आमचे सर सुरतेतच जन्मलेले, साठीला आलेले, कमी बोलणारे. त्या दुपारी ते सूक्ष्मदर्शकावरून बराच वेळ उठले नाहीत. मग स्वतःशीच म्हणाले, "आ अहीं क्यांथी?" हे इथे कुठून आलं? मला बोलावून त्यांनी भिंगातून पाहायला लावलं. लहान, गोल, निळ्या पेशींची दाट गर्दी दिसत होती, एकीसारखी दुसरी. सरांनी काचा जास्तीच्या तपासण्यांसाठी मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवल्या. तिकडूनही तेच आलं. त्या दिवशी मी टाइप केलेले शब्द माझ्या बोटांत अजून आहेत: प्रिमिटिव्ह न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर, उजवी किडनी.

सर म्हणाले, हा आजार मुळातच दुर्मीळ. झालाच तर बहुतेक लहान किंवा कोवळ्या वयाच्या मुलांना होतो, हाडांत नाहीतर हाडांभोवतीच्या मांसात. तेहतीस वर्षांच्या बाईच्या किडनीत तो त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पुस्तकात वाचला होता, एवढंच.

रिपोर्ट मीच वर घेऊन गेले. भटू पाळीवर होता. तिने उशीला टेकून, दोन्ही हातांनी कागद धरला. वाचताना कागद नेहमी तिच्याच हातात असायचा. मी तिच्या खांद्यावरून वाचायचे आणि तिचं बोट ओळीखालून सरकत जायचं.

"प्रिमिटिव्ह म्हणजे?"

"आदिम. अगदी सुरुवातीचं. बाळ पोटात घडत असतं तेव्हा ज्या पेशींपासून मेंदू, नसा तयार होतात ना, त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या पेशी."

"म्हणजे मी आईच्या पोटात होते तेव्हापासून हे माझ्यात आहे?"

"तसं नाही, सर म्हणाले. दिसतात तशा."

"मग या वयाला, आणि किडनीतच का?"

"ते कुणालाच माहीत नाही म्हणाले."

ती माझ्याकडे वळून चक्क हसली. "बरं झालं. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माहीत नाही म्हणालं." मग म्हणाली, "बठा गोड बोलतस माले. डॉक्टर गोड, सासू गोड, हे बी गोड. तू बोलू नको गोड. तू वाच फक्त."

मी हो म्हटलं. तेवढं एक वचन तिने माझ्याकडून घेतलं होतं, आणि ते द्यायला मला काहीच जड गेलं नाही.

त्यानंतरचं वर्षभर तिचे केमोचे कोर्स चालले. दर तीन आठवड्यांनी दवाखाना, चार-पाच दिवस सलाइन, मग घरी येऊन उलट्या. पहिल्या कोर्सनंतर केस गळतील म्हणून सांगितलं, तेव्हा तिने गळायची वाट पाहिली नाही. आईच्या शिलाईच्या कात्रीने माझ्याकडूनच वेणी कापून घेतली. खालच्या मजल्यावरच्या बायका तिच्या मागे हळू आवाजात "मोठा आजार" म्हणायच्या. ती जिन्यात थांबून म्हणायची, "कॅन्सर म्हणा, मावशी. नाव घेतल्याने तुम्हाला नाही लागणार." दोन कोर्सच्या मध्ये बरं वाटलं की डोक्याला रुमाल बांधून खात्यात जायची. रक्ताचा प्रत्येक रिपोर्ट, डिस्चार्जचा प्रत्येक कागद मी तिला वाचून दाखवत होते. पांढऱ्या पेशी किती, हिमोग्लोबिन किती, सगळं तिला तोंडपाठ असायचं. एकदा वाईट आलेला आकडा वाचताना माझा आवाज जरासा अडखळला, तर तिने माझा दंड दाबला. "वाच गं. आकडाच आहे तो."

त्याच वर्षी प्राची पाचवीत होती. त्यांच्या गावाजवळ एक निवासी शाळा आहे, तिची प्रवेशपरीक्षा ती देऊन आली आणि पास झाली. शाळेचं नाव मोठं. तिथली मुलं पुढे डॉक्टर, इंजिनियर होतात असं सगळे म्हणत. भटूला तर आकाश ठेंगणं झालं. पण मुलींना घरी फक्त सुट्टीत सोडत, आणि भेटायला महिन्यातला एकच रविवार असे. योगिताच्या तब्येतीने दर महिन्याला सुरत ते धुळे करणं शक्यच नव्हतं.

मे महिन्यात तिचा शेवटचा कोर्स झाला. जूनमध्ये शेवटचा सीटी व्हायचा होता. त्याच्या आदल्या रविवारी ती माझ्याकडे आली. आई देवळात गेली होती. योगिता खुर्चीवर न बसता जमिनीवर, माझ्यासमोर बसली.

"ताई, मी ठरवलंय. फोटो साफ आला तर प्राचीला पाठवते. मग मला काय, सुट्ट्या आहेत, पुढची सगळी वर्षं आहेत. नाही आला साफ, तर पोर माझ्याजवळ राहील. शाळा काय, इथेही आहे. शाळा मी गेल्यावरही राहील. पण मी नाही राहणार."

"असं काय बोलतेस?"

"गोड नको बोलू. मी तुला हे का सांगतेय कळलं ना? माझं सगळं त्या कागदावर आहे. तो तू वाचणार आहेस."

मला कळलं होतं. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय तिने माझ्यासाठी ठेवलीच नाही.

कागद घेऊन भटू आधी माझ्याकडे आला. वर घरी न जाता, भर दुपारी, थेट लॅबमध्ये. पाळीवरून आलेला, अंगाला तेलाचा वास, हातात ते मोठं पाकीट. मी काउंटरच्या मागे उभ्या-उभ्याच वाचलं. दोन्ही फुफ्फुसांत गाठी होत्या. एक-दोन नव्हे, अनेक. तीन ओळी छातीच्या परिच्छेदात आणि एक ओळ शेवटच्या निष्कर्षात. बाकी सगळं चांगलं होतं.

"ताई, तिला सांगू नका," तो म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते. "डॉक्टरसाहेबांनीच सांगितलंय. आता काही करण्यासारखं नाही, तिला आनंदात राहू द्या म्हणाले. ताकदीच्या गोळ्या देतो म्हणाले. तिला कळलं तर ती आजच अंथरूण धरेल. आणि पोरीला सोडणार नाही. पोरीची जागा जाईल, ताई. आमच्या सात पिढ्यांत कुणी एवढं शिकलं नाही. तुम्हीच सांगा, पोरीचा काय दोष?"

भटू वाईट माणूस नव्हता. वर्षभर पाळी करून तो तिच्या उलट्यांची बादली धूत होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि डॉक्टर खरंच असं म्हणाले का, हे विचारलं नाही. एक फोन करून विचारता आलं असतं. तो दवाखाना आमच्या लॅबला रोज नमुने पाठवायचा, नंबर माझ्यासमोर भिंतीवर लावलेला होता.

मला तिची दया आली म्हणून मी हो म्हटलं, असं बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते. दया नव्हती ती. त्या चार ओळी वाचताना तिचा चेहरा मला बघायचा नव्हता.

संध्याकाळी मी वर गेले. ती आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून बसली होती. प्राची दाराशी उभी. योगिताने हात पुढे केला नाही. मी कागद माझ्याच हातात ठेवला आणि तिने तो मागितला नाही. वर्षभरात पहिल्यांदाच असं झालं. आजवर माझ्या हातून एक अक्षर चुकलं नव्हतं, म्हणून असेल.

"वाच."

मी वाचलं. हृदय नॉर्मल. श्वासनलिका नॉर्मल. मग तीन ओळी गाळून मी पोटावर आले. यकृत नॉर्मल. डावी किडनी नॉर्मल, आकार चांगला. उजवी किडनी काढलेली, त्या जागी काही नाही. हाडं चांगली. निष्कर्षातली ती एक ओळही गाळली. मी वाचलेला शब्दनशब्द खरा होता.

"छातीत?"

"छाती साफ आहे."

"सगळं वाचलं?"

"सगळं."

"परत एकदा."

मी परत एकदा वाचलं. पहिल्या वेळी माझा आवाज त्या जागी किंचित थबकला होता. दुसऱ्या वेळी तोही थबकला नाही.

ती उठली, प्राचीला जवळ ओढून तिच्या केसांत तोंड खुपसून बराच वेळ उभी राहिली. प्राची काहीतरी पुटपुटली, योगिता हसून म्हणाली, "गप, वेडी. आता काय झालंय मला?" मग माझ्याकडे वळून तिने माझे दोन्ही हात धरले. भटू मोरीत तोंड धुवायला गेला आणि खूप वेळ बाहेर आला नाही.

आठ दिवसांनी प्राची गेली. योगिताने तिच्या पत्र्याच्या पेटीवर स्वतः पांढऱ्या रंगाने तिचं नाव घातलं. स्टेशनवर ती एवढी बोलत होती की आजूबाजूचे लोक वळून पाहत होते. गाडी हलली तेव्हा रडली, पण ते रडणं साधं होतं, कुठल्याही आईचं. मी तिच्या शेजारी उभी होते.

पुढचे चार महिने ती मजेत होती. हे मला लिहायलाच हवं, कारण भटू आणि मी एकमेकांकडे बघून हेच म्हणायचो, "बघा, किती आनंदात आहे." केस परत आले, कुरळे. खात्यात पूर्ण दिवस जाऊ लागली. पंधरा ऑगस्टला प्राचीने शाळेतून फोन केला, तेव्हा अख्ख्या मजल्याला तिचा आवाज ऐकवला. दिवाळीच्या सुट्टीचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून मोजायची. ताकदीच्या गोळ्या वेळेवर घ्यायची. त्या खरोखरच ताकदीच्या गोळ्या होत्या, भटूने औषधाच्या दुकानातून आणलेल्या. हे मला नंतर कळलं.

नवरात्रात तिला जिना चढताना दम लागायला लागला. दोन मजल्यांवर थांबायची. मग कोरडा खोकला. भटू म्हणाला, हवा बदलली. ती मात्र एके सकाळी कुणाला न सांगता सगळी फाइल पिशवीत घालून एकटी कॅन्सरच्या दवाखान्यात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्या लॅबमध्ये आली. काउंटरसमोर चार-पाच माणसं रक्त द्यायला बसली होती. ती चालून आल्याने धापा टाकत होती. पिशवीतून तो जूनमधला कागद काढून तिने काउंटरवर ठेवला.

"वाच."

"योगिता, आत ये, बस जरा."

"इथेच वाच."

मी वाचायला सुरुवात केली. ती कागद दोन बोटांनी दाबून धरून उभी होती. त्या तीन ओळींवर मी आले, आणि या वेळी मी त्या वाचल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिच्या नाही.

"तिथली एक छोटी डॉक्टरीण आहे," ती शांतपणे म्हणाली. "नवा फोटो, जुना फोटो लावून बघितला आणि मला म्हणते, 'ये गाँठें तो जून में भी थीं. आपको किसी ने बताया नहीं?' मी म्हटलं, मॅडम, चुकतंय काहीतरी, मला दोनदा वाचून दाखवलंय. तिने तिच्या सरांना बोलावलं. ते भडकलेच. म्हणाले, मी तुझ्या नवऱ्याला सांगितलं होतं, आठ दिवसांत हिला घेऊन या, दुसरं औषध सुरू करू. बरं होईल असं नाही म्हणालो, पण वेळ मिळेल म्हणालो. तर तुझा नवरा म्हणाला, ती गावी गेली, आता गावालाच बघू."

"मला भटू म्हणाला होता, डॉक्टरांनीच सांगितलं म्हणून..."

"हे खोटं बोलले, त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "हे घाबरट आहेत, ते मला लग्न झालं तेव्हापासून माहीत आहे. म्हणून तर मी तुझ्याकडे येत होते."

बाकावरची माणसं ऐकत होती. आतून सर दारात येऊन उभे राहिले. तिचा श्वास अपुरा पडत होता, आणि तिला आणखी एक गोष्ट सांगायची होती. ती सांगताना तिची शुद्ध मराठी सुटली.

"पोरले मी धाडी दिधं, ताई. तुनावर भरोसा करीसन."

कागदाची घडी घालून तिने पिशवीत ठेवली आणि ती गेली. रिक्षेपर्यंत सोडायला मी मागे गेले, पण तिने मला जवळ येऊ दिलं नाही.

त्या संध्याकाळी मी वर गेले. भटूसमोर सगळं एकदा बोलून टाकावं असं मला वाटत होतं. मी बोलायला तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "मी तर सांगणारच होतो. ताईच म्हणाल्या, आता नको, पोरीची शाळा सुरू होऊ द्या." माझ्याकडे न बघता म्हणाला. "भटू, असं मी कधी म्हटलं?" तो भिंतीकडे तोंड करून बसला. मी पुन्हा काही बोलणार तेवढ्यात योगिता म्हणाली, "इथे भांडू नका. मला दम लागतो." आणि मग माझ्याकडे बघून, "तुम्ही बसा. चहा घ्याल?"

चार वर्षांत तिने मला पहिल्या दिवसानंतर कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. त्यानंतर शेवटपर्यंत ती मला तुम्हीच म्हणाली. दार कधी बंद केलं नाही, पाणी विचारलं, आईची तब्येत विचारली. जिन्यात भेटलेल्या कुणाही बाईला विचारावं तसं. भटूने मला खोटं पाडलं त्याचा राग मला आला होता, अजून आहे. पण तो राग तिच्यापुढे मांडायची जागा मी स्वतःच घालवली होती.

तिने प्राचीला बोलावून घेतलं. शाळेने नाव ठेवून रजा दिली. दुसरं औषध सुरू झालं, दोन कोर्स झाले, पण शरीराने साथ दिली नाही. कागद येतच होते. माझ्याकडे एकही आला नाही. प्राची फोनचा कॅमेरा कागदावर धरायची आणि फोन त्याचं मराठी करून मोठ्याने वाचायचा. एकदा मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा ते वाचन चालू होतं. फोनचं मराठी भयंकर होतं. "रुग्ण आरामदायक नाही आहे, डावे फुफ्फुस पाणी धारण करते." मी न राहवून म्हणाले, "डाव्या फुफ्फुसाभोवती पाणी झालंय, असं आहे ते."

योगिताने मान हलवली. "कळलं मला," ती म्हणाली. "प्राची, पुढचं धर."

ती त्या मोडक्यातोडक्या मराठीला एकेक शब्द लावत, थांबत, परत ऐकत होती. मी डबा ओट्यावर ठेवला आणि खाली आले.

त्या तीन महिन्यांत ती प्राचीला जवळून हलू देत नव्हती. भाकरी थापायला शिकवली, गॅसचा नंबर कसा लावायचा ते शिकवलं, आपल्या माहेरच्या सगळ्यांची नावं पाठ करून घेतली. पोरीला एकही गोष्ट लपवून सांगितली नाही. आई मरणार आहे, हे प्राचीला आईनेच सांगितलं होतं. मी एकदा दारातून पाहिलं, दोघी कॉटवर एकमेकींना चिकटून झोपल्या होत्या, दुपारचं ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं, आणि योगिता जागी होती. तिने मला पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती दिवस मोजत होती, आणि त्यातले चार महिने कुठे गेले ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

संक्रांतीनंतर आठवड्याने, सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. प्राचीचा हात तिच्या हातात होता. भटू एवढ्या मोठ्याने रडला की खालच्या रस्त्यावर लोक थांबले. मला त्याच्याजवळ जाववलं नाही, आणि त्याला माझ्याजवळ येववलं नाही. आजही आम्ही एकाच जिन्याने चढतो-उतरतो. तो बाजूला होतो, मी पुढे जाते.

मार्चमध्ये प्राची परत शाळेत जायला निघाली. जायच्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात आली. मला वाटलं, नमस्कार करायला आली. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. आईसारखीच उंच होणार आहे.

"मावशी, तुम्हाला कधी कळलं होतं?"

मी टाळू शकले असते. लहान आहे, नंतर सांगेन, असं म्हणू शकले असते.

"जूनमध्ये," मी म्हणाले. "तू जायच्या आठ दिवस आधी. मी त्या चार ओळी वाचल्या नाहीत. मुद्दाम."

"त्या दिवशी मी आईला म्हणत होते, मला जायचं नाही," ती म्हणाली. "ती म्हणाली, आता काय झालंय मला."

मी मान हलवली.

मी जे आत्ता बोलले ते ती मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघत असावी, कारण तिचे ओठ हलले.

"एवढंच तर तुम्ही सांगायचं होतं आईला," ती म्हणाली, आणि पेटी उचलायला वर गेली.